चाळिसाचे पन्नास

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी ज्या मोटारसायकलवरून कॉलेजला येतो, तिचं इंजिन ३७३ सीसीचं आहे आणि ताकद ४३ हॉर्सपॉवर. माझ्याकडे चार दारांची, चार सिलिंडरची, १०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनी आहे आणि तिची ताकद ४०. ही तुलना त्यानंच मला पार्किंगमध्ये ऐकवली, तीही 'सर, तुमची गाडी म्हणजे नादखुळा' अशी सुरुवात करून. कोल्हापुरात कुणी आपल्या गाडीचं कौतुक करायला लागलं की पुढं काहीतरी येतंय हे ओळखावं आणि निघावं. मी थांबलो. हा मुलगा घटक चाचणीत चाळिसापैकी तेरा मिळवतो. पण इथं त्याला माझ्यापेक्षा तीन मार्क जास्त होते, आणि मी गणिताचा मास्तर असूनही ४३ ही संख्या ४० पेक्षा मोठी नाही असं मला कुठल्याच रीतीनं सिद्ध करता येईना.

गाडी वडिलांची, १९७६ सालची. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचा तो काळ. कुर्ल्याच्या कारखान्यातून आमची गाडी बाहेर पडेपर्यंत वडिलांचे पुढचे केस गेले होते, असं आई सांगते. कागदोपत्री ती पद्मिनी. घरात आणि गल्लीत आजतागायत फियाट. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट सलग. त्यामुळे पुढं तिघं, मागं चौघं, मांडीवरची पोरं वेगळी, असे कितीतरी रविवार तिनं जोतिबाला वाहिले. त्या काळात तिची ताकद किती हे कुणी विचारलं नाही. माणसं किती मावतात एवढंच विचारायचे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वयाची वीस वर्षांची मर्यादा गाठून रस्त्यावरून उतरली, तेव्हा मला नातेवाइकांचे सांत्वनाचे फोन आले. त्या फोनांनीही कदाचित डोक्यात काहीतरी पेरलं असेल. आमची अजून पळते, हे दाखवायला हवं होतं.

आणि गाव कुठलं? ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला, ज्या उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमध्ये लेथवर काय वाट्टेल ते करून मिळतं, तिथं एका गणिताच्या प्राध्यापकाला एका जुन्या इंजिनात दहा हॉर्सपॉवर घालता येऊ नयेत? चेन्नईजवळच्या शोलावरमला, जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर, हीच फियाट माणसांनी शर्यतीत पळवली होती. त्यांच्याकडं काय होतं जे माझ्याकडं नव्हतं? (याचं उत्तर मला पुढं उद्यमनगरात मिळालं. एका शब्दात.)

पेट्रोल इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. जेवढी हवा आत, तेवढं पेट्रोल तिच्याबरोबर जळणार, तेवढी ताकद. पद्मिनीचं इंजिन दर दोन फेऱ्यांना १०८९ सीसी हवा ओढतं; मिनिटाला ४८०० फेऱ्या धरल्या तर कागदावर सव्वीसशे लिटरच्या वर. प्रत्यक्षात तेवढी येत नाही. फिल्टर, कार्बोरेटरचा अरुंद गळा, मॅनिफोल्डची वळणं, व्हॉल्व्ह, प्रत्येक ठिकाणी हवा अडते. म्हणजे पहिला उपाय, हवेची वाट रुंद करायची. दुसरा उपाय कॉम्प्रेशनचा. आलेली हवा पेटवण्याआधी जास्त दाबायची. या इंजिनाचं माप, ६८ मिलिमीटरचा बोअर आणि ७५ चा स्ट्रोक, फियाटनं इटलीत १९३७ साली आणलं. तेव्हाचं पेट्रोल हलकं, म्हणून अशा इंजिनांचं कॉम्प्रेशन कमीच ठेवायचे. आज आपल्या पंपावरचं साधं पेट्रोलसुद्धा निदान ९१ ऑक्टेनचं. म्हणजे, मी स्वतःला म्हणालो, वडिलांची गाडी पन्नास वर्षं अर्ध्या पोटानं राबली. तिला न्याय द्यायची वेळ आली.

तिसराही एक उपाय होता, तो बायकोनं सुचवला. 'अहो, नवी घ्या.' तो मी विचारात घेतला नाही.

कॉम्प्रेशन वाढवायचं तर सिलिंडरच्या डोक्यावरचं हेड खालून घासायचं, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा कमी होते. किती घासायचं, हे गणित आहे, आणि गणित माझं. एका सिलिंडरची क्षमता २७२ सीसी. मी मूळ कॉम्प्रेशन साडेसात धरलं. म्हणजे वर उरणारी जागा ४२ सीसी. साडेआठ हवं तर ती ३६ वर आली पाहिजे. साडेपाच सीसीहून थोडी जास्त कमी करायची, बोअरचं क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटिमीटर, भागाकार केला, दीड मिलिमीटरच्या जरा वर. फळ्यावर लिहिलं असतं तर वर्गानं टाळ्या वाजवल्या असत्या. निदान ज्याला तेरा मिळतात त्यानं तरी.

हेड काढायला तो मुलगाच आला. पाणी सोडलं, कार्बोरेटर काढला, मॅनिफोल्ड सोडला, रॉकर शाफ्ट उतरवला. मग आठ पुशरॉड. हे बोटाएवढे दांडे दिसायला सारखे. पण प्रत्येक दांडा आपल्या टॅपेटबरोबर घासून घासून त्याच्याच मापाचा झालेला असतो, म्हणून ज्याचा त्याच्या जागी परत जायला हवा. मी पुठ्ठ्याला आठ भोकं पाडली, नंबर घातले, दांडे ओळीनं खोचले आणि पुठ्ठा ओसरीवर ठेवून जेवायला गेलो. परत आलो तो पुठ्ठा रद्दीत आणि आठही दांडे राखेनं घासून, पुसून, रबरबँडनं बांधून देवळीत. 'किती तेलकट झाले होते रे,' आई म्हणाली. 'सगळे एकाच मापाचे दिसले म्हणून एकत्र बांधले. हरवायला नकोत.'

हेड निघालं तेव्हा अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर उलटं ठेवून मी आतली जागा प्रत्यक्ष मोजली. पद्धत अशी: हेडवर अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ग्रीस लावून चिकटवायचा, त्याला बारीक भोक पाडायचं आणि त्यातून सिरिंजनं डिझेल सोडत जायचं, बुडबुडा नाहीसा झाला की सिरिंजवरचा आकडा वाचायचा. आत किती मावलं, तेवढी जागा. सिरिंज औषधाच्या दुकानातून वीस मिलिलिटरची आणली. दुकानदारानं कुणासाठी म्हणून विचारलं. मी म्हणालो, फियाटसाठी. त्यानं सिरिंज दिली आणि पैसे घेताना माझ्याकडं बघितलं नाही.

चारही जागा मोजल्या. गॅस्केटची जाडी धरून आकडा आला ३८. मी धरलेला होता ४२.

आता इथं एक सिरिंज आहे, एक डिझेलचा थेंब आहे आणि समोर खरंखुरं हेड आहे. दुसरीकडं माझ्या वहीतला आकडा आहे. कुणावर विश्वास ठेवायचा? मी वीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलोय की उत्तर जुळलं नाही तर आधी मोजमापात चूक शोधा. मी शोधली. ग्रीस थोडं आत गेलं असणार. डिझेल थोडं ओट्यावर सांडलं होतंच. सिरिंज काय, दहा रुपयांची. वही शंभर पानी होती. मी ४२ कायम केले.

उद्यमनगरात सरफेस ग्राइंडिंग करणारा एक कारागीर शोधला. त्यानं हेडवर सरळ पट्टी ठेवली, खालून फिलर गेजचं पान सरकवलं आणि म्हणाला, वाकलंय. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, इतक्या वर्षांत कधीतरी तापलं असणार. सपाट व्हायलाच अर्धा मिलिमीटर जाईल. 'त्याच्या खाली तुमचा दीड काढू का, त्याच्यासकट दीड?' हा प्रश्न अत्यंत नेमका होता. त्या वेळी मला कॉलेजमधून मीटिंगला बोलावणं आलेलं होतं. फोन कानाला लावूनच मी हातानं 'काढा, काढा' अशी खूण केली. त्यानं खाली काढला. एकूण दोन.

पुढचे काही रात्रीचे तास फार सुखात गेले. हँड ग्राइंडर, दगडी बिट, मग एमरी पेपर, मग पॉलिश. हवा ज्या वाटेनं आत जाते ते पोर्ट मी रुंद केले, मॅनिफोल्डच्या तोंडाशी जुळवले, आणि मग आतून इतके गुळगुळीत केले की टॉर्च मारल्यावर माझं नाक दिसायला लागलं. अ‍ॅल्युमिनियमचा भुसा खिडकीच्या जाळीवर, दाढीत आणि एकदा पोह्यांत सापडला. बायकोनं त्या पोह्यांबद्दल जे म्हटलं ते इथं लिहीत नाही. हवेच्या वाटेला आरसा करायचा नसतो, हे मला नंतर कळलं. भिंत थोडी खरबरीत असेल तर पेट्रोलचे थेंब हवेत उडते राहतात, आरशावर ते घरंगळून भिंतीला लागतात. पण नाक स्वच्छ दिसत होतं हे खरं.

भंगारातून दोन नळ्यांचा कार्बोरेटर आणला. तो बसवायला अ‍ॅडॅप्टरची प्लेट करून घेतली. सायलेन्सर मोकळा केला. हेड परत चढवताना मात्र मी पुस्तकाबाहेर गेलो नाही: नट मधून कडेकडं, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंचनं. टॉर्क रेंच विद्यार्थ्याचा. तो आता मला 'सर, थोडं सावकाश' वगैरे सांगत होता आणि मी 'हो' म्हणत होतो. पुशरॉड आईनं ज्या क्रमानं रबरबँडमध्ये बांधले त्या क्रमानं घातले, कारण दुसरा क्रम उरलाच नव्हता. डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग जरा पुढं घेतलं, कारण टायमिंग पुढं घेतलं की पिकअप येतो असं पानपट्टीवर उभं राहणाऱ्या प्रत्येकाचं मत असतं.

गाडी सुरू झाली. पहिल्याच स्टार्टरला नाही, पण झाली, आणि तिचा आवाज ऐकून समोरच्या बंगल्यातले काका गॅलरीत आले आणि नळाला पाणी आल्यासारखे परत आत गेले. मी एकटाच शिरोलीकडून हायवेला लागलो. इथं मला प्रामाणिकपणे सांगायचं आहे की ती पळाली. तिसऱ्या गिअरला पाय दाबला तेव्हा पाठ सीटला टेकली. ही गोष्ट त्या सीटच्या आणि माझ्या पाठीच्या संबंधात पूर्वी घडलेली नव्हती. किणीच्या दिशेनं जाताना मी एका टेंपोला मागं टाकलं. त्या टेंपोचा ड्रायव्हर माझ्याकडं बघून हसला, आणि मी हात केला. परत येताना इंजिनातून बारीक टण्‌टण्‌ असा आवाज येत होता, विशेषतः पाय दाबला की. तो मी मोकळ्या सायलेन्सरच्या खात्यावर मांडला.

खरी परीक्षा चढाला. म्हणून रविवारी पन्हाळा. पुढं मी, मधे आई, कडेला बायको. मागं मुलगी आणि माझा मेहुणा. मेहुणा वकील आहे. गाडीचा आवाज ऐकताक्षणी त्यानं विचारलं, 'दाजी, इंजिनला हात लावला का?' मी म्हणालो, थोडा. तो म्हणाला, 'मोटार वाहन कायदा, कलम ५२. कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही.' आई म्हणाली, रविवारी तरी कोर्ट बंद ठेव. तो गप्प बसला, पण वकिलाचं गप्प बसणं आपल्याला ऐकू येतं.

वाघबीळपर्यंत झकास. तिथून पन्हाळ्याच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये पाच माणसं घेऊन पाय दाबला, आणि टण्‌टण्‌चं खण्‌खण्‌ झालं. ठिणगीनं पेटलेली ज्योत पोचायची वाट न बघता उरलेली हवा-पेट्रोल आपोआप भडकते, दाब एकदम पिस्टनवर आदळतो, तो हा आवाज. कॉम्प्रेशन जास्त, टायमिंग पुढं, चढाचा भार, वर उन्हाळ्याकडं झुकलेला फेब्रुवारी. या चारही गोष्टी मी स्वतः निवडल्या होत्या, फेब्रुवारी सोडून. मग फट्ट असा एक आवाज आला, बॉनेटच्या फटीतून वाफ, आणि गाडीतली निम्मी हवा गेली. शब्दशः निम्मी: दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधलं गॅस्केट फुटलं, त्यांचं कॉम्प्रेशन एकमेकांत वाहून गेलं, आणि राहिले कडेचे दोन. चाळिसाचे पन्नास करायला निघालेला मी विसावर आलो होतो.

आईनं पिशवीतून ओला पंचा काढून माझ्या हातात दिला. 'पेट्रोलच्या पंपावर टाक. तुझे वडील टाकायचे.' तिची माहिती बरोबर होती. उन्हाळ्यात घाट चढताना जुन्या गाड्यांच्या पंपात पेट्रोलची वाफ व्हायची, आणि त्यावर ओला फडका हाच महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांचा उपाय. मी तो टाकला. आज आजार वेगळा आहे हे तिला सांगायची माझ्यात ताकद नव्हती, विसापैकी सुद्धा. रेडिएटरचं झाकण गार झाल्यावर उघडलं तर पाण्यात बुडबुडे. ऑइलची पट्टी काढली तर ऑइल चहाच्या रंगाचं, दूध जास्त घातलेल्या. मेहुणा शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं एकही कलम सांगितलं नाही. एवढं वाईट होतं.

उताराचा फायदा घेऊन गाडी वाघबीळला आणली आणि तिथं ती राहिली. हंगामाचे दिवस. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर बावड्याच्या कारखान्याकडं निघाला होता, वर भोंग्यावर गाणं चालू. ड्रायव्हर पोरगा विशीतला. काही विचारलं नाही, बोललाही नाही, मागच्या ट्रॉलीला दोर बांधला, दुसरं टोक फियाटच्या पुढच्या बंपरखाली अडकवलं आणि निघाला. त्या दोराच्या मागं, स्टिअरिंग धरून, मी गाणं ऐकत कोल्हापूरकडं चाललो. अर्ध्या वाटेत मुलगी मागून म्हणाली, 'बाबा, ट्रॅक्टरवर फिफ्टी एचपी लिहिलंय.' मग म्हणाली, 'मिळाले की तुम्हाला.'

कारखान्याच्या अलीकडं गाड्यांची रांग होती. ट्रॅक्टर रांगेत लागला म्हणजे आम्हीही लागलो. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, मग फियाट, मग पुन्हा ऊस. मागच्या बैलगाडीवाल्यानं आमचा नंबर कितवा म्हणून विचारलं. ट्रॅक्टरवाल्यानं आईला एक कांडं सोलून आणून दिलं आणि तिनं ते आनंदानं चावलं. तिच्या मते सहल चांगली चालली होती. उद्यमनगरातल्या मेस्त्रींना फोन लावून मी वाट बघत बसलो आणि हातात पेन होतं, पेट्रोलची पावती होती, म्हणून एक गणित केलं जे आधी करायला हवं होतं. कॉम्प्रेशन साडेसातचं साडेआठ केलं तर कार्यक्षमता वाढते किती? सूत्र बारावीच्या पुस्तकात नाही, पण फिजिक्सवाले ते शिकवतात आणि मी त्यांच्याच स्टाफरूममध्ये चहा पितो. उत्तर आलं चार टक्के. चाळिसाचे चार टक्के म्हणजे १.६. हेड उतरवलं, सिरिंज आणली, पोह्यांत भुसा घातला, बायको दोन दिवस बोलली नाही, तो हा व्यवहार दीड हॉर्सपॉवरचा. सगळं नीट जमलं असतं तरीही त्या मुलाची मोटारसायकल पुढंच राहिली असती. बाकीची ताकद कार्बोरेटर नि सायलेन्सरनं दिली असती तर दिली असती. पावती मी चुरगाळली. मग उलगडली, कारण मागं मेहुणा बघत होता, आणि शांतपणे खिशात ठेवली.

मेस्त्री दुसरी गाडी घेऊन आले आणि आम्हाला रांगेतून सोडवलं. त्यांच्या शेडमध्ये हेड खोललं तेव्हा त्यांनी ते उलटं करून उजेडात धरलं, अंगठ्यानं कड चाचपली आणि विचारलं, 'किती काडलं वो सर?'

'दोन.'

'आयला.' त्यांनी हेड फळीवर ठेवलं. 'ह्ये हेड आदीच दोनदा फेसिंग झालंय. तुमच्या वडलांनीच आणलंतं, माज्या बापाकडं. एकदा खंबाटकीत तापलंतं, एकदा अनुस्कुऱ्यात. मला इचारायचं तरी.'

म्हणजे सिरिंज बरोबर होती. दहा रुपयांची सिरिंज, सांडलेलं डिझेल आणि आत गेलेलं ग्रीस, सगळं मिळून खरं सांगत होते. ३८ मधून मी दोन मिलिमीटरचे सव्वासात सीसी काढले, उरले एकतीसच्याही आत, आणि कॉम्प्रेशन जवळजवळ दहाला टेकलं. शर्यतीच्या गाडीला शोभेल असं. पण तिथं पेट्रोल वेगळं असतं, टायमिंग वेगळं असतं, आणि मुख्य म्हणजे शेजारी आई ऊस खात बसलेली नसते. शोलावरमवाल्यांकडं काय होतं हे मी मेस्त्रींना सहज विचारलं. ते म्हणाले, 'मेस्त्री.'

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी हात मागं बांधून ऐकलं. गॅस्केट फुटलं हे नशीब. गॅस्केटनं धरलं असतं तर पिस्टनला भोक पडलं असतं, पिस्टननं धरलं असतं तर क्रँकवर आलं असतं, आणि या इंजिनाचा क्रँक बिचारा तीनच बेअरिंगवर बसलेला. तिथून पुढं क्लच. क्लचनंही धरलं असतं, तर ताकद चाकापर्यंत गेली असती, आणि चारही चाकांना ब्रेक ड्रमचे. 'पळवनार हुता ते ठीक,' मेस्त्री म्हणाले, 'थांबवनार कशानं हुता?' टेंपोला मागं टाकल्याची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. टेंपोवाला का हसला असेल याचा विचारही तिथंच थांबवला.

उपाय काय? हेड परत वाकलं होतं. म्हणजे सपाट करायला आधी अजून थोडं घासायचं. म्हणजे जागा आणखी कमी. ती भरून काढायला तांब्याचा पत्रा गॅस्केटच्या आकारात कापायचा आणि वर एक, खाली एक अशा दोन गॅस्केटांच्या मधे घालायचा. जेवढं घासलं तेवढं पत्र्यानं आणि जादा गॅस्केटनं परत उंचवायचं. माल काढायचे पैसे मी त्याच रस्त्यावर चार दुकानं अलीकडं दिले होते. आता माल घालायचे इथं द्यायचे. पोर्टच्या आरशाला मेस्त्रींनी एमरीनं ओरखडे काढून दिले, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. टायमिंग मागं घेतलं. दोन नळ्यांचा कार्बोरेटर उतरवला. तो विद्यार्थ्यानं मागून नेला, का ते विचारायचं मी टाळलं. पुशरॉड त्यांनी एकेक करून काचेवर घरंगळवून बघितले, टोकं निरखली आणि आठही आपल्या अंदाजानं लावले. त्यांचा अंदाज आईच्या अंदाजाशी सहा ठिकाणी जुळला. आईला हे अजून सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

गाडी न्यायला गेलो तेव्हा मेहुणा बरोबर आला होता. त्याच्याकडं नवी माहिती होती. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, फी वीस हजार; आमच्या फियाटची पन्नाशी आलीच आहे. 'फक्त एक अट आहे,' तो म्हणाला. 'गाडी मूळ स्वरूपात हवी. इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. मेस्त्री, तुम्ही काय सांगाल? ओरिजिनल म्हणता येईल?'

मेस्त्रींनी हात पुसले, माझ्याकडं बघितलं. 'वरिजनलच की! जेवडं काडलं तेवडं घातलं. सर, हिशोबाचं मास्तर तुमी, तुमीच सांगा वकीलसायबांना, काय बदाललं?'